घंटीतला कापूस

आमच्या गावचा पोळा मुका असतो. धुळ्यात हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. पोळा म्हटला की ढोल, घुंगरमाळा, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, आणि तुमचा म्हणे मुका! पण तसंच आहे. वेशीपर्यंत नुसता दणदणाट असतो. वेशीबाहेर 'लाइन' आली की ढोल थांबतो, बैलवाले खिशातून कापूस काढतात आणि एकेका घंटीत बोळा कोंबतात. हा कापूस पिंजाऱ्यांच्या घरून सकाळीच गावभर पोचलेला असतो. लाइन ओलांडून बैल पलीकडच्या मारुतीला गुपचूप जातात आणि तसेच परत येतात.

लाइन म्हणजे आता नुसता मातीचा भराव, वेड्या बाभळीने भरलेला. पारोळ्याकडून गावात येताना डाव्या हाताला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात इथल्या बरडावर लष्कराचा दवाखाना होता. धुळ्याच्या रेल्वेवरून एक फाटा ओढून थेट त्याच्या दारात नेला होता आणि जखमी सोल्जर त्या गाडीने यायचे. युद्ध संपलं, दवाखाना उठला, रूळ उपटून नेले. मागे राहिलेले स्लीपर गावाने वाटून घेतले. आमच्या गोठ्याची चौकट त्याच लाकडाची आहे, खिळा ठोकायला गेलं की हातोडी उडते. दवाखान्याच्या चौथऱ्यांवर आता शेळ्या बसतात. गाडी कुणाला नीट आठवत नाही, पण कापूस मात्र गावाने सोडला नाही.

गाव सांगतं ते असं. जखमींची झोप मोडू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी आपणहून बैलांच्या घंट्या बंद केल्या. केवढं मोठं मन! शाळेत पोरं यावर भाषणं करतात. मीही केलं होतं आणि मला कंपासपेटी मिळाली होती.

यंदा पोळ्याच्या आधी सरपंचाचा फोन आला. आमच्या भाऊबंदांतलाच आहे, मी त्याला भाऊ म्हणते. म्हणाला, "ताई, लाइनीवर कमान उभी करतोय. जिल्ह्याहून पाहुणे येणार. पहिल्या घंटीत कापूस आत्याच्या हातून घालायचा. दवाखाना चालू असताना पाहिलेलं तेवढं एकच माणूस गावात उरलंय. तू येऊन तिला तयार कर."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आता नव्वदीची आहे. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. आम्हा भावंडांचं न्हाणं-खाणं तिनेच केलं. बोलते कमी, आणि पोळ्याला बैल दारातून निघाले की घरात जाऊन बसते. ती दमत असेल असं आम्ही समजायचो.

मी धुळ्याहून गेले तेव्हा ती ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. मी मोठ्या कौतुकाने कमानीचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"माले नही घालनं," ती म्हणाली.

"अगं, मान देताहेत तुला. आपल्या लोकांनी आपणहून..."

"आपनहून कसानं? हुकूम व्हता. घंटी वाजनी की पाठवर कोडा." तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि मग सांगितलं. तिच्या हाताखाली लहानाची मोठी होऊन हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

लाइनीच्या आसपास आवाज करायचा नाही असा दवाखान्याचा हुकूम होता. बैलाची घंटी वाजली तर पहारेकरी मालकाला फटकावायचे. माझ्या आजोबांच्या पाठीवर दोनदा वळ उठले होते. त्याच सुमाराला माझी आजी वडिलांच्या पाठच्या बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. पावसाळ्याचे दिवस, काळ्या मातीत गाडीची चाकं रुतणारी. टणक जागा एकच, लाइनीच्या कडेची. आणि डॉक्टरही तिथेच, लाइनीच्या टोकाला. आजोबांनी गाडी जुंपली, घंट्यांत कापूस भरला. आत्या सात-आठ वर्षांची, आईचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. आजी ओरडत होती. दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तसे आजोबा मागे वळून म्हणाले, "तिले गप कर. कोडा मारतीन."

आत्याने दोन्ही हातांनी आईचं तोंड दाबलं.

फाटकावर पहारेकऱ्याने सांगितलं, हा दवाखाना गाववाल्यांसाठी नाही. आजोबांनी हात जोडले, पागोटं त्याच्या पायावर ठेवलं. भिंतीच्या आत खाटा होत्या, डॉक्टर होते, औषधं होती. गाडी परत फिरवावी लागली, त्याच लाइनीने, त्याच कापूस भरलेल्या घंट्यांनी. गाव येईपर्यंत आत्याने हात काढला नव्हता, कारण कुणी काढ म्हटलं नव्हतं.

"गाव उनं. मी हात काढा, तव्हय समजं," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

आजी बाळंतपणात गेली एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठे गेली, कशी गेली, कुणी विचारलं नाही आणि आत्यानेही सांगितलं नाही. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. त्या पहारेकऱ्याचा आलाच, पण तो कधीच मातीला मिळाला असेल. जास्त आला तो आमच्या गावाचा. मार खाल्ला, बायका गमावल्या, आणि मारणारे निघून गेल्यावर त्याच हुकुमाची पूजा मांडली! रूळ गेले, दवाखाना गेला, कोडा गेला, तरी आमचे बैल गपगुमान चालतात आणि आम्ही त्याला मोठं मन म्हणतो. ती कंपासपेटी हाताशी असती तर विहिरीत फेकली असती.

मी तशीच उठून सरपंचाकडे गेले. एस.टी.त कंडक्टरकी केलेली बाई मी, माझा आवाज तीन गल्ल्या जातो. सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "खरं असेल ताई. पण आता ते उकरून कुणाचं भलं होणार? गावाचं नाव होतंय. परंपरा शे आपली."

"परंपरा नाही भाऊ, पाठीवरचा वळ आहे तो."

"बरं, तिने नको घालू दे. कापूस मी घालतो. तिला नुसती खुर्चीवर बसव."

आत्याला आणायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण पोळ्याच्या दिवशी तिने स्वतःच ट्रंकेतलं धुवट नऊवारी काढलं. "चाल, मी येस," म्हणाली. मी अडवलं तर माझाच हात धरून उठली.

लाइनीवर कमान होती, मंडप होता. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. दवाखाना कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस आमच्या पूर्वजांच्या करुणेवर बोलत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तशी ती आमची करुणा. लोक टाळ्या वाजवत होते. मी दात आवळून बसले होते, कारण आत्याने माझं मनगट सोडलं नव्हतं.

मग मानाचा बैल आला, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. सरपंचाने त्याच्या गळ्यातल्या मोठ्या घंटीत कापूस कोंबला. फोटोवाल्याने ओरडून सांगितलं, आजींचा हात लावा ना घंटीला. आत्या उठली. मी तिला बैलापर्यंत नेलं. बैल आमच्या घरचाच असल्यासारखा उभा राहिला.

तिने घंटी हातात घेतली. सगळ्यांना वाटलं फोटोसाठी धरली आहे. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, तीच बोटं तिने घंटीत घातली आणि बोळा ओढून काढला. सरपंच पुढे सरकला, "आत्या, अहो आत्या," करत. मी त्याच्या आडवी झाले. आडवी होणं मला चांगलं जमतं.

आत्याने बोळा चिखलात टाकला आणि घंटी हलवली.

लाइनीवर घंटी वाजली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. पाहुणे माइक धरून तसेच राहिले. बैलानेही मान झटकली आणि आवाज आणखी मोठा झाला. आत्या थांबेना. दुसऱ्या हाताचा आधार देऊन ती वाजवतच राहिली. ती काहीतरी पुटपुटत होती. लोकांना वाटलं देवाचं नाव घेते आहे. मी खांद्याला खांदा लावून उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"ओरड माय," ती घंटीला सांगत होती, "आता ओरड. आता कोन मारस तुले?"