पिक्चरमधला वॉचमन

गुलमंडीच्या आमच्या बँकेत दाराशी एक वॉचमन स्टुलावर बसतो. सर्व्हर बंद पडला, की बंदूक भिंतीला टेकवून तो रांगेतल्या लोकांना नेहमी एकच पिक्चर सांगतो. बँक लुटायला निघालेले दोन दोस्त, एक लई जाड, दुसरा काडीसारखा, आणि दोघांचाही जीव कॅशियरबाईवर.

"लुटायला येतेत आन् गुमान रांगेत उभं राहतेत बगा," तो म्हणतो. "तिला घाई नको म्हणून."

रांग हसते. मग त्याचे डोळे अर्धे मिटतात, आवाज खाली येतो. "तिसरा तिथला वॉचमन. ती रोज डब्यातली एक पोळी त्याच्यासाठी काढून ठेवती. तो काईच बोलत नाय."

तेवढ्यात सर्व्हर सुरू होतो आणि गोष्ट तिथंच राहते.

परवा तो पिक्चर मी घरी पाहिला. दोन्ही चोर होते, कॅशियरबाई होती. वॉचमन मात्र कुठंच नव्हता.

सोमवारी सर्व्हर पुन्हा बंद होता. मी विचारलं, "काका, त्या वॉचमनचं पुढं काय झालं?"

तो दचकला. "तुमी पाह्यला व्हय पिक्चर?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

त्यानं कॅश काउंटरवरच्या बाईंकडं एकदा पाहिलं.

"अजून दारातच बसलाय त्यो."