नळभावोजी

नळभावोजी कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी नळ सोडून बघत. दारातून सरळ मोरीत, नळाखाली तळहात, मान जरा तिरकी, आणि मग बाहेर येऊन "धार बारीक आहे की हो तुमची," असं म्हणून खुर्चीत बसायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मोरीत माझं धुणं भिजत पडलेलं, ओट्यावर पसारा, आणि हा परका माणूस चपला काढून थेट आत! मी पडले पुण्याची. न विचारता कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ह्यांना मी खुणेनं विचारलं, हा मनुष्य कोण? हे शांतपणे म्हणाले, समोरच्या घरात राहायला आलेत, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहेत, निपाणीकडचे. म्हणजे मराठी. बेंगळूरच्या जयनगरमधल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारं आणखी एक घर झालं, तेवढ्यावर मी आठी आवरली.

नळभावोजी हे नाव मीच ठेवलं. आधी पाठीमागे म्हणायची, पण आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. भावोजींना राग यायचा सोडाच, ते फोनवरसुद्धा "वैनी, नळभावोजी बोलतोय," असं सांगू लागले. निवृत्तीनंतर ते निपाणीला परतले आणि तिथेच गेले. आता ते नाहीत म्हणून त्यांचं गुणगान करतेय असं कुणी समजू नये. ते असताना मी त्यांच्याशी मनसोक्त भांडलेली आहे.

चालताना त्यांची नजर कायम जमिनीला. समोरून ओळखीचं माणूस आलं तरी दिसायचं नाही, पण रस्त्यावरची ओल बरोबर दिसायची. एकदा त्यांच्या लेकीला, नंदाला, बघायला पाहुणे यायचे होते. बायकोनं, म्हणजे मालतीवहिनींनी, त्यांना कोपऱ्यावर मिठाई आणायला धाडलं. पाहुणे आले, चहा झाला, मुलगी बघून झाली, तरी मिठाई नाही. भावोजी कोपऱ्यावर गुडघे टेकून, डांबराला कान लावून बसलेले. खाली पाणी गळतंय म्हणे, आवाज येतोय. नशीब, मुलाच्या वडिलांना त्याचं हसू आलं. त्याच घरी पुढे नंदाचं ठरलं.

नव्वदनंतरची ती वर्षं. बेंगळूर फुगत चाललेलं. पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली पोरं भाड्याच्या खोल्यांतून राहायला यायला लागली होती आणि पाणी मात्र जुन्याच नळानं, एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. नवे मोठे पाइप रस्त्याच्या कडेला इतके दिवस पडून होते की त्यांत मांजरी व्यायल्या. एक खातं डांबर घालून जायचं, की मागून दुसरं येऊन तेच खणायचं. त्यात पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आमच्या समोर राहणार आणि आम्ही बादल्या मोजून आंघोळी करणार, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तोंडावर म्हटलं तर भावोजी हसून म्हणायचे, "वैनी, नवं घालणं सोपं असतंय. जुनं बंद करणं अवघड."

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की मालतीवहिनी जुनी साडी बोहारणीला द्यायला निघाल्या तरी ते हेच म्हणत. पण त्यामागे त्यांची एक जखम होती. आमच्याकडे बदली व्हायच्या आधी ते इथल्याच, बेंगळूरच्या शिवाजीनगरला होते. तिथे नवी लाइन घातल्यावर त्यांनी हुकूम दाखवून, पोलीस उभे करून जुन्या जोडण्या तोडल्या होत्या. लोकांनी काय करावं? आठवड्याभरात नव्या पाइपाला जागोजागी भोकं पाडून चोरून पाणी घेतलं. नव्या लाइनीची चाळण झाली, गटाराचं पाणी आत शिरलं आणि पोरं आजारी पडली. त्यातली काही दवाखान्यात बघून आल्यावर भावोजी घरी दोन दिवस जेवले नव्हते, हे मला मालतीवहिनींनी सांगितलं.

तेव्हापासून त्यांची रीत बदलली. नोटिशी पाठवायच्या नाहीत. प्रत्येक घरी स्वतः जायचं, कॉफी प्यायची, देतील ते खायचं, घरातल्या बाईला सगळं समजावून सांगायचं, आणि जुना नळ तिच्याच हातानं बंद करायला लावायचा. "बाईनं आपल्या हातानं बंद केलेला नळ पुन्हा चोरून कोण उघडत नाही," असं त्यांचं म्हणणं. साखरेचा आजार असलेला माणूस, पण गल्लोगल्ली मैसूरपाक खाऊन आला. मालतीवहिनी डोक्याला हात लावायच्या. ऑफिसातले साहेब म्हणायचे, हा लाइनी जोडतो की सोयरिकी? पण त्यांनी केलेल्या गल्ल्यांत पाइपाला भोक पडलं नाही, तेव्हा साहेबही गप्प बसायचे.

आमच्या गल्लीत सगळ्यांनी हो म्हटलं. एका घरानं नाही म्हटलं, तुळसाक्कांनी.

तुळसाक्का आमच्या गल्लीच्या टोकाला उताराच्या घरात एकट्या राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेलं मराठा घराणं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड, आणि दोन्ही भाषांत जीभ धारदार. नवऱ्यानं इथे घर बांधलं तेव्हा आसपास नुसते खडक आणि विंचू होते म्हणे. गल्लीतला पहिला नळ त्यांच्या अंगणात आला. पुढे घरोघरी नळ झाले, पण उतारावर असल्यामुळे बाकीचे कोरडे पडले तरी अक्कांच्या नळाला धार असायची. मग आम्ही सगळ्या कळशा घेऊन त्यांच्या अंगणात. अक्का पायरीवर बसून कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोराला ताप आला, सगळी चौकशी करायच्या. कळशी नीट घासली नसेल तर परत पाठवायच्या. मला एकदा परत पाठवलं होतं, अजून आठवलं की कान तापतात.

भावोजी त्यांच्याकडे गेले, कॉफी प्यायले, सगळं समजावलं. जुन्या लाइनीवर एक जरी नळ राहिला तरी ती लाइन चालू ठेवावी लागते, आणि ती चालू असेपर्यंत नवीत पाणी सोडता येत नाही. अक्कांनी ऐकून घेतलं, कपबशी उचलली आणि म्हणाल्या, "बेडप्पा. नको मला तुझं नवं पाणी. मी मेल्यावर काय ते कर." भावोजी पुन्हा गेले. पुन्हा कॉफी, पुन्हा बेडप्पा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गाढवापुढे वाचली गीता, असं मी म्हटलं तर मलाच म्हणाले, "वैनी, मोठ्या माणसाला असं म्हणू नये."

आणि तशात नंदाचं लग्न ठरलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! लग्न कार्यालयात असलं तरी हळद घरी, पाहुणे घरी, निपाणी-चिकोडीकडून येणारी माणसं तर आठ-आठ दिवस मुक्कामाला. पाणी कुठून आणायचं? साहेबांनी सांगितलं, हुकूम देतो, तोडा त्या बाईचा नळ, लग्नाच्या आधी गल्ली सुरू करा. गल्लीनंही तेच धरलं. आमचे हे कधी कुणाला उलटून बोलत नाहीत, तेसुद्धा म्हणाले, एका म्हातारीपायी सगळ्यांनी किती सोसायचं? मालतीवहिनी तर रडकुंडीला आल्या होत्या. भावोजी सगळ्यांचं ऐकायचे आणि हुकूम मात्र आणायचे नाहीत.

शेवटी मी गेले भांडायला. म्हटलं, पोरीच्या लग्नात व्याह्यांना आंघोळीला पाणी नसलं तर शोभा कुणाची होणार? तुमच्या तत्त्वांची की नंदाची? भावोजी नळाचा वायसर बदलत होते, तो बदलून झाल्याशिवाय वर बघितलं नाही. मग म्हणाले, "पाणी तर त्यांना नव्या लाइनीचं पण मिळेल हो. पण घरोघरी धार आल्यावर अक्कांच्या अंगणात येणार कोण? पोटचं कोणी नाही त्यांना. ती माणसांची ये-जा मला देता येत नाही, मग तोडू कसा?" घरी येऊन मी ह्यांच्यावर उगाच चिडले.

लग्नाला त्यांनी टँकर ठरवला. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरच्या दारात टँकर! गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार? हसणारे हसले. भावोजी स्वतः पायजमा वर खोचून पिंपं भरत होते.

हळदीच्या आधी सीमेकडच्या लोकांत गंगापूजन असतं. सुवासिनी वाजतगाजत विहिरीवर जातात, गंगेची पूजा करतात आणि तिथलं पाणी नवरीच्या न्हाणाला आणतात. आमच्या गल्लीत विहीर कुठली? टँकरच्या पाइपाला हळदकुंकू लावा, असं भावोजींची थोरली बहीण चिडून म्हणाली. भावोजी म्हणाले, अक्कांच्या नळावर जायचं. आणि सनईवाल्याला घेऊन ते पुढे निघालेसुद्धा.

अक्का पायरीवर होत्या. एवढ्या बायका नटूनथटून अंगणात शिरलेल्या बघून उठल्या आणि आत जायला वळल्या. नवरा गेल्यापासून मंगलकार्यात त्या पुढे यायच्याच नाहीत, ही त्यांचीही रीत आणि जगाचीही. भावोजी पायरीखाली उभे राहून म्हणाले, "अक्का, अंगण तुमचं, गंगा तुमची. माझ्या नंदाचा पहिला कळस तुम्ही भरायचा." त्यांच्या बहिणीचा श्वास वर गेला तो खाली येईना. मालतीवहिनींनी मात्र पुढे होऊन कळस अक्कांच्या हातात दिला. त्या क्षणी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही नळाला हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ वाढवला. अक्कांनी कळस भरला. कळस नंदाच्या हातात दिला, तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, आणि मग वाकून नळ घट्ट बंद केला. त्याचा अर्थ तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही. "आता तुझं नवं चालू कर," एवढंच त्या भावोजींना म्हणाल्या आणि आत गेल्या. भावोजी तिथेच उभे. सनई वाजतेय, बायका निघाल्या, आणि हे नवरीचे वडील धोतराच्या सोग्यानं डोळे पुसताहेत.

पुढे मी विचारलंच, की हा तुमचा डाव होता ना? त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, अक्का बंद करणार नाहीत असं धरूनच चाललो होतो मी. गल्लीतल्या पहिल्या नळाचं पाणी, माझ्या लेकीच्या अंगावर पडावं वाटलं.

अक्कांनी बंद केल्यावर गल्लीनंही आपापले जुने नळ बंद केले. पण नवी लाइन जोडून व्हायच्या आतच भावोजींची शहराबाहेर, आनेकलला बदली झाली. तिकडेही हेच काम. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचे, रविवारी घरी. आणि नवं पाणी आलं नेमकं मंगळवारी! सकाळी नळानं फसफस केलं आणि मनगटाएवढी धार पडली. मी बादल्या घेऊन धावले, तर दारात अक्का. सगळ्या गल्लीला त्यांनी दम दिला होता, त्या पाइपवाल्याच्या आधी कुणी थेंब तोंडात घालायचा नाही. हातात पितळी तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, ते रविवारी येतील की. अक्का म्हणाल्या, "रविवारपर्यंत पाणी शिळं होतंय. चल, बस कुठून सुटते दाखव."

ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो. सबंध वाटभर तांब्या अक्कांच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, काय आहे, तूप? अक्कांनी तांब्यावर पदर ओढला. आनेकलला भावोजी एका चरात उतरून मजुरांना काही सांगत होते. अक्कांना बघून धडपडत वर आले, गुडघ्यापर्यंत माती.

अक्कांनी फडकं सोडलं तसा ब्लीचिंगचा भपकारा माझ्यापर्यंत आला. नव्या पाइपात औषध घातलेलं असतं. पहिलं पाणी पिऊ नका, गटारात सोडा, असं ऑफिसची रिक्षा आदल्या दिवशी कर्ण्यावरून दोन भाषांत ओरडून गेली होती, आणि ती सूचना आधी देण्याचा नियम भावोजींनीच घालून दिलेला होता. अक्कांना कमी ऐकू यायचं, आणि निघायच्या घाईत मलाही ते आठवलं नव्हतं. मी तोंड उघडलं. भावोजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं.

"लेकीचं लग्न टँकरवर केलास माझ्यापायी," अक्का म्हणाल्या. "घे."

भावोजींनी तांब्या दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि प्यायले.

"कसं आहे?"

"गोड आहे, अक्का."

"मग ठेवतोस कशाला? संपव की."

आणि त्यांनी तो संपवला.