वाल्बुर्गा पुरुषासारखं बोलायची

आमच्या किल्ल्याला तट नव्हता, विहीरही नव्हती. सरकार त्याला किल्ला म्हणायचं, आणि आम्ही सरकारी नोकर, म्हणून आम्हीही म्हणायचो. पाणी खालच्या घळीतल्या झऱ्यावरून यायचं. उन्हाळाभर इथल्या मूळच्या डाकोटा लोकांच्या हक्काचं धान्य कोठारात कुलूपबंद ठेवून आम्ही त्यांना "नंतर या" सांगत होतो. ऑगस्टात ते आले. वेढा पडला आणि घळ त्यांच्याकडे गेली.

वाल्बुर्गा आमची धोबीण, मूळची जर्मन. डाकोटा भाषा तिला गाडीवान नवऱ्याने शिकवली. तो मेला, व्याकरण मागे ठेवून. त्या भाषेत थोरल्या भावाला बाई 'तिब्दो' म्हणते, पुरुष 'चिन्ये'. वाल्बुर्गा 'चिन्ये' म्हणायची, बाकीचं बोलणंही पुरुषीच. ती कपडे वाळत घालत असली की शिकारीहून परतणारा डाकोटांमधला हेपान मुद्दाम थांबायचा.

"काय रे गड्या, मिशा कधी फुटणार?"

"तुझ्या नंतर, चिन्ये! मी थांबलोय, तू घाई कर."

तो पोट धरून हसायचा. चूक तिला कुणीच सांगितली नाही. फुकटची करमणूक कोण घालवणार?

वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी तिची लीस्बेट तापाने फणफणली होती आणि पिंपाचा तळ दिसत होता. दुपारी गोळीबार थांबला. वाल्बुर्गाने नवऱ्याचा कोट चढवला, बादली उचलली.

"बाई, खाली गवत हलतंय," तोफेजवळचा सार्जंट म्हणाला. "आणि वारा नाहीये."

"मग गवताला सांगते, पोरीला ताप आहे."

पुढचं तिनेच मला सांगितलं. झऱ्यावर ती वाकली आणि पाठीमागे बंदुकीचा घोडा वाजला.

"कोण आहे?"

"मीच आलोय, चिन्ये. पाणी घेतो आणि जातो."

गवतात कुणीतरी हसलं. हसू मध्येच तुटलं. हेपान उभा राहिला, अर्धा चेहरा काळा रंगवलेला.

"एकच बादली ने. आणि ऐक, बाईने तिब्दो म्हणायचं असतं."

"इतकी वर्षं बोलला नाहीस ते?"

"आज बोलतो. म्हण."

"तिब्दो."

"हं. उद्या येऊ नकोस. उद्या इथे दुसरे असतील, मला न विचारणारे."

लीस्बेट पाणी प्यायली, निजली. सार्जंटने विचारलं, "खाली किती जण आहेत?"

"मोजले नाहीत. पण उद्या येऊ नको म्हणाला. आणि त्याने माझी चूक सुधारली."

सार्जंटला व्याकरणात रस नव्हता. मी मात्र ओळखलं, करमणूक संपली; उठलो आणि गोळ्या अडाव्यात म्हणून खिडक्यांना गाद्या लावायला घेतल्या.