वहिनींनी दुकान लपवलं तो दिवस

सन दोन हजार पंचवीस, माझं वय चौऱ्याहत्तर. सणसरला उसाला पाणी देत होतो, तेवढ्यात रंजनाचा फोन आला. रंजना म्हणजे आमच्या सुभद्रा वहिनींची सून. "तात्या, आत्याबाई गेल्या…" एवढंच बोलली. थोरल्या भावामागं सगळा संसार ओढलेली बाई, जळोचीत मसाल्याचं दुकान थाटून बसलेली, रात्री झोपली ती उठलीच नाही. मी पोचलो तोवर भावकीत कुजबुज सुरू झाली होती, आता शटर ओढायचं, एकट्या सुनेच्यानं होतंय काय? मला रडू यायच्या आधी राग आला. महिना होत आला, राग अजून गेला नाही. कारण ते दुकान कसं उभं राहिलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि सांगताना आजही अंगात वारं शिरतं!

चौथी शिकलेला माणूस मी, पण कुणापुढं हात पसरला नाही. वहिनी निरवांगीच्या. काळा मसाला आणि येसर करावं तर त्यांनीच. येसर म्हणजे धान्य, डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं, आमटीला लावायचं पीठ. घरीच करून विकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भावजी, दुकान काढते. बँकेचं कर्ज घेते."

"माझा सातबारा ठेवा तारण."

"पेटीत ठेवा तुमचा सातबारा. ह्या कर्जाला तारण न्हाय, जामीनदार न्हाय. सरकार हाय मागं. बँकेत विचारून आलेय मी."

"सरकार राहतंय व्हय कुणाच्या मागं? मग मी कशाला हाय?"

"तुमी पोती उचलायला!"

मग बँकेच्या मॅडम धंदा बघायला यायचा दिवस ठरला. आमच्यात पाहुणा यायचा म्हटलं की घरातला पसारा आधी नजरेआड करायचा. वहिनींनी तेच केलं. उखळ, कढया, डबे, मिरचीची पोती, सगळं शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकलं. भिंतीला चुना, खाली सतरंजी, नव्या कपबश्या. देवघर वाटावं, अशी ती खोली झाली. मॅडम आल्या, पोहे खाल्ले, चहा घेतला, इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "मावशी, धंदा कुठंय?"

"हलिवला की! तुमी येनार म्हनून."

"अहो, मी तोच बघायला आलेय. हितं तर काहीच नाही. मी कागदावर काय लिहू?"

वहिनींचा चेहरा उतरला… पण घटकाभरच. पदर खोचला आणि माझ्यावर ओरडल्या, "भावजी, बघत काय बसलाय, उचला!" मग काय विचारता! अख्खी आळी धावली. कुणाच्या डोक्यावर पोतं, कुणाच्या हातात कढई, चौघांनी मिळून उखळ आणलं, गोठ्यापासून घरापर्यंत मिरवणूकच. चूल पेटली, मिरची भाजायला पडली, मुसळाचे घाव सुरू झाले. ठसका असा उठला की आळीभर शिंका, खोकला. मॅडमच्या डोळ्यांतून धारा, आणि त्या हसतायत! "पटलं, मावशी, पटलं! आता बंद करा!"

कर्ज मिळालं. मसाला कांडायचं मशीन आलं, तेव्हा वहिनींनी त्याला नव्या सुनेसारखं हळदकुंकू लावून ओवाळलं. इंदापूरची गिऱ्हाइकं पार जळोचीच्या दुकानात यायला लागली. मी सरकारबद्दल बोललेलं त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही.

तेराव्याला जेवणं उरकली तसे भावकीतले लोक रंजनाला घेरून बसले. "झेपायचं न्हाय तुला. गाळा भाड्यानं दे."

रंजना मान वर करून म्हणाली, "भाजायचं प्रमाण आत्याबाईंनी शिकवलंय. मशीन मीच चालवते. अडचण एकच हाय. आत्याबाई दिवसभर पायरीवर बसून मिरच्यांचे देठ खुडायच्या. त्याला माणूस न्हाय."

"उद्या दुकान उघडायचं," मी म्हणालो.

"आन् देठ?" एकजण हसला. "तुमी खुडनार काय, तात्या? जेवल्यावर ताट तरी उचललंय का कधी?"

सगळे हसले. खरंच होतं ते. बायकांच्या कामाला मी जन्मात हात लावला नव्हता. मी उठून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनानं शटर वर केलं, तेव्हा मी टोपी सारखी करून वहिनींच्या पायरीवर बसलेलो होतो. मिरचीचं पोतं पुढ्यात ओतून घेतलं आणि सगळ्या रस्त्यादेखत देठ खुडायला लागलो.