गंगाखेडला ठेवायला दिलेला संसार

ताडकळसच्या स्टँडवर मला निरोप द्यायला आमची अख्खी वस्ती आली होती. एसटीच्या टपावर माझी लोखंडी पेटी, एक बाज, नवा स्टोव्ह आणि गादीची वळकटी चढवली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी माणसांची हाय, ध्यानात ठेवा." मोठी चुलती पदर तोंडात कोंबून अशी रडत होती, की खिडकीतल्या एका प्रवाशाने "कोण वारलं?" म्हणून चौकशी केली. कुणी वारलं नव्हतं. नवं लग्न आणि नवी मास्तरकी घेऊन मी मानवतला निघाले होते. परभणीला बस बदलायची आणि दुपारच्या जेवणाला पोचायचं. आई तेवढी रडली नाही. खिडकीशी येऊन ती म्हणाली, "आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठिवू नको, बाई. ठिवलेली वस्तू आन् दिलेली लेक, परत आल्या तरी पाव्हण्या होऊनच येत्यात."

पुण्याला आणि शारजाला गेलेल्या माझ्या भावंडांनो, ग्रुपवर तुम्ही ज्या आठवणी लिहिता त्या मी सगळ्या वाचते. त्यांत विमानतळ असतो, काचेच्या इमारती असतात, आणि शेवटी आईच्या हातची भाकरी आठवून तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. भाकरी इतकी आठवते तर पीठ मळायला शिका. मी फक्त दोन बस लांब गेले. परकं व्हायला तेवढ्याही पुरतात.

मानवतला तेवीस वर्षांत आम्ही चार घरं भाड्याने केली, त्यामुळे घरमालक हा प्राणी मी जवळून पाहिला आहे. तो तोंडाने "किती माणसं?" विचारतो, पण डोळ्यांनी आडनाव विचारत असतो. आडनाव कळलं की रिकामी खोली एकदम भरते. कुणाचा भाचा शिकायला येणार असतो, कुणाला तिथं ज्वारी ठेवायची असते. एकाला मी विचारलं, "काका, ज्वारी तरी कोणत्या जातीची ठेवणार?" आमच्या ह्यांनी मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. हे स्वभावाने शांत आहेत. कचेरीत फायली सांभाळतात आणि घरी मला.

चौथ्या मालकाने मुलाच्या लग्नासाठी घर मागितलं, तेव्हा मी म्हटलं, आता बास. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत एक घर स्वस्तात निघालं होतं. अकरा वर्षं बंद, स्लॅब गळका, न्हाणीच्या भिंतीतून हातभर पिंपळ, आणि गल्लीत लौकिक असा, की हे घर कुणाला लाभत नाही. समोरच्या बाईने तर हळू आवाजात सांगितलं, की आत कोणीतरी चालतं. मी म्हटलं, चालू द्या. चार घरमालक सोसलेल्या माणसाला भूत जड नाही. निदान ते पाण्याच्या बादल्या मोजत नाही.

आत खरोखर कोणीतरी चालत होतं. कबुतरं होती. त्यांच्याशिवाय तीन गंजलेले कूलर, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची दोन पोती, एक पाय नसलेला पलंग आणि गाठोडं बांधून ठेवलेली जुनी कॅलेंडरं. घर विकणाऱ्याचा मुलगा नाशिकला असतो. त्याला विचारलं, हे काय करू? तो गहिवरून म्हणाला, "मॅडम, त्यात आमच्या भावना गुंतल्यात." अकरा वर्षांत या भावनांना एकदाही झाडू लागला नव्हता. मी त्या पाच ट्रॅक्टर ट्रॉल्या भरून गावाबाहेर टाकल्या.

मिस्त्री म्हणाला, दोन महिन्यांत चावी हातात देतो. मिस्त्र्यांचा महिना कोणत्या पंचांगातला असतो ते अजून कोणाला कळलेलं नाही. धूळ-सिमेंटात सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न होता. तेव्हा गंगाखेडहून माझा धाकटा भाऊ मिलिंद धावून आला. तो साखर कारखान्यात कामाला आहे. नुकताच त्याने वर स्लॅब टाकून दोन खोल्या काढल्या होत्या, आणि त्या मोकळ्याच होत्या. "ताई, परक्यावानी इचारतीस काय? आन की समदं. तुझंच घर हाय."

सोफा, दिवाण, फ्रीज, कपडे धुण्याचं मशीन, काचेचं शोकेस आणि लोखंडी कपाट असं सगळं टेम्पोत घालून गंगाखेडला गेलं. आम्ही दोघं घराच्या एकाच बऱ्या खोलीत राहिलो. दोन चटया, एक शेगडी, आणि बसायला सिमेंटची पोती.

महिन्याभराने मी भावाकडे गेले आणि दारातच थबकले. मोकळ्या वरच्या खोल्यांत ठेवलेलं माझं सामान खाली बैठकीत उतरलं होतं. सोफ्यावर भावजय कांताने स्वतः विणलेले रुमाल घातले होते. शोकेसमध्ये तिच्या बचत गटाचं प्रमाणपत्र लागलं होतं. माझ्या फ्रीजमधल्या पाण्याचा ग्लास माझ्या हातात देऊन कांता म्हणाली, "बसा न ताई, लाजायलाव काय? सोफ्यावर बसा की." मी टोकावर बसले. आईचं वाक्य आठवून मला हसू आवरेना.

मग मिलिंदने दार लोटून खरी गोष्ट सांगितली. त्याची मुलगी प्रज्ञा बी.एस्सी. झालेली, आमच्या घराण्यातली सगळ्यात हुशार पोर. तिला नांदेडचं स्थळ आलं होतं. मुलगा रोहित सरकारी अभियंता, वडील निवृत्त अधिकारी. वडिलांना त्यांची बायकोसुद्धा साहेब म्हणते. पाहुणे येणार म्हणून मिलिंदने माझं सामान खाली मांडलं, आणि साहेबांना घर पसंत पडलं. घर म्हणजे माझा सोफा.

"ताई, लग्न होस्तोवर राहू दे," मिलिंद म्हणाला. "आता सामान हाललं तर लोक इचारतील. पोरीचं जमायलंय, मोडायचं."

खरं सांगायचं तर मला हे नाटक फार आवडलं. ज्या माणसाला लाकूड पाहून माणूस कळतो, त्याला फसवण्यात पाप कसलं? मीच मिलिंदला शिकवलं, की शोकेस कुठून घेतलं विचारलं तर परभणी सांग. जाताना प्रज्ञा मला सोडायला स्टँडपर्यंत आली. म्हणाली, "आत्या, मला तो मुलगा आवडलाय. पण हे सामानाचं त्याला सांगावं वाटतंय. पप्पा नको म्हणायलेत." मी, वर्गात दररोज 'खरे बोलावे' शिकवणारी बाई, तिला म्हणाले, "लग्नानंतर सांग. हसायला विषय होईल." मी तेव्हाच तोंड मिटलं असतं तर बरं झालं असतं.

दोन आठवड्यांनी साहेब पत्नीसह मानवतला माझ्याच दारात उतरले. पाथरीहून परतताना सुनेच्या आत्याला जयभीम घालून जावं, असा विचार. अंगात पांढरा शुभ्र सफारी. घरात एकही खुर्ची नव्हती, म्हणून मी सिमेंटच्या पोत्यावर टॉवेल अंथरला. टॉवेल जरा आखूड होता. ते मला दिसलं होतं.

साहेबांनी नजर फिरवली. "मॅडम, आपण दोघंही नोकरीला?"

"हो."

"किती वर्षं?"

"तेवीस."

"आणि बसायला खुर्ची नाही?" त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे कीव करून पाहिलं. "काम चालू आहे, मान्य. पण माणसाचं सामान कुठं तरी असतं की नाही? वस्तूंवरून घराणं कळतं. तुमचे बंधू बघा. कारखान्यातला साधा माणूस, पण काय तो सोफा! काय ते शोकेस! पैसा सगळेच मिळवतात, संसार करायला अक्कल लागते."

"त्याची निवड लय चांगली आहे," मी म्हणाले. ह्यांचा चहा नाकात गेला.

"सोफ्याचा रंग आमच्या हॉलला अगदी जुळतोय," पत्नी म्हणाल्या. "मी तसलेच पडदे आणून ठेवले."

मी विचारलं, "म्हणजे?"

साहेब हसले. "आम्ही देण्याघेण्याच्या कट्टर विरोधात आहोत, मॅडम. विहारात साधं लग्न. हुंडा हा शब्द आमच्या घरात चालत नाही. पण तुमच्या बंधूंनीच शब्द दिला, जे दिसतंय ते लेकीचंच आहे म्हणून. आता बापाची इच्छा आपण कशी मोडणार? फ्रीज, मशीन, कपाट, सोफा, दिवाण, एवढंच. टेम्पोचं मी बघतो."

मी तोंड उघडलं. जिभेवर सगळं तयार होतं, पण डोळ्यांपुढे स्टँडवरची प्रज्ञा होती. मी बोलले असते तर सोयरीक त्या पोत्यावरच मोडली असती. दारातून बाहेर पडताना साहेब म्हणाले, "मुलगी गुणी आहे. आत्याच्या वळणावर जाऊ नये, एवढंच." त्यांच्या पांढऱ्या पॅन्टच्या बुडावर सिमेंटचा राखाडी चंद्र उमटला होता. तो तसाच नांदेडला जाऊ दिला. त्या दिवशी मला मिळालेली मजा तेवढीच.

मिलिंदला फोन लावला. "तू माझा सोफा आंदण दिलास?"

"ताई, तोंडातून गेलं गं. पाव्हणे 'छान हाय' म्हनले की आपन 'तुमचंच हाय' म्हनतोच की. ते खरंच उचलतेत, हे कुनाला ठावं? मी नवं घिऊन देतो त्यांना, जमल तसं."

तेवढ्यात फोन प्रज्ञाने घेतला. "आत्या, साहेब काय म्हणाले? सगळं सांग."

हळुवार सांगता आलं असतं. मी मात्र आवाज काढून, पडद्यांसकट, आत्याच्या वळणासकट सगळं सादर केलं. आधी ती खूप हसली. मग "मी रोहितशी बोलते," म्हणाली.

तिने त्याला स्पष्ट सांगितलं, की सामान आत्याचं आहे आणि मी एकटी येणार. तो म्हणाला, "पप्पांना विचारून सांगतो." अभियंता माणूस, सरकारी पूल बांधतो, आणि हे पप्पांना विचारणार! तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "पप्पा म्हणतात, सोफा राहू दे. निदान फ्रीज आणि कपाट तरी."

प्रज्ञा म्हणाली, "फ्रीज आत्याचा आहे. तिला विचारून सांगते." आणि तिने फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

त्याच रविवारी माझं सगळं सामान भरलेला टेम्पो गंगाखेडहून माझ्या दारात येऊन उभा राहिला. ड्रायव्हरच्या शेजारी प्रज्ञा, मांडीवर कपड्यांची बॅग. मिलिंद आला नाही. त्याने फोनवर मला एवढंच सांगितलं, "तुझ्या चार लाकडापायी माझ्या लेकीचं मोडलं. आता मला भाऊ म्हनू नको."

साहेबांची मला कीव येते, रोहितचीही. पण मिलिंदच्या या वाक्यावर हसता आलं नाही. कारण ते अर्धं खरं होतं. मी ते सगळं पोरीच्या भल्यासाठी सांगितलं, असं मी शाळेत, विहारात, सगळीकडे सांगते. त्यात माझ्या सोफ्याचं भलं किती होतं, ते मात्र मी कुणाला सांगत नाही. प्रज्ञा दोन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला तो मुलगा आवडला होता, हे खोटं नव्हतं.

आठ दिवस राहते म्हणालेली प्रज्ञा इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. मागची खोली तिची झाली. आणि मग मिलिंद यायला लागला. लेकीला भेटायला, माझ्याकडे नव्हे, हे त्याने पहिल्याच रविवारी ह्यांच्यामार्फत कळवलं. माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं जेवत, तो ह्यांना सांगायचा, "दाजी, त्यांना म्हनावं, वरनाला मीठ कमी हाय." मी ह्यांना सांगायची, "त्याला म्हणावं, मीठ तिथं आहे." हे बिचारे वरण आणि मीठ यांच्यामध्ये तहाची बोलणी करत बसायचे. असं चार महिने चाललं.

परवाच्या रविवारी जेवून हात धुताना त्याची नजर न्हाणीच्या भिंतीवर गेली. नव्या गिलाव्याला ओल धरली होती. तो थेट माझ्याकडे वळला. "ताई, डोळे फुटले होते का तुझे? मिस्त्रीनं गंडवलं न् तू बघत बसलीस! मला बोलवता येत न्हवतं?"

"कसं बोलवणार? भाऊ म्हणू नको म्हणाला होतास ना!"

"म्हनलो आसंन! म्हून तू ऐकायचं व्हय?"

मग जे भांडण पेटलं ते ऐकण्यासारखं होतं. पिंपळापासून निघालं, सोफ्यावर आलं, तिथून लहानपणी त्याने फोडलेल्या माझ्या पाटीपर्यंत गेलं, आणि पुन्हा साहेबांवर येऊन थांबलं. साहेबांच्या बाबतीत आमचं पूर्ण एकमत झालं. समोरची बाई ओट्यावर येऊन बसली. प्रज्ञा उठून खिडकी लावायला गेली, तसं मी तिला अडवलं.

भावंडांनो, घर म्हणजे काय, ते तुम्ही भाकरीत शोधत बसा. तेवीस वर्षं आम्ही नवरा-बायको कुजबुजत भांडलो, मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून. परवा माझा भाऊ माझ्या घरात माझ्यावर छप्पर उडेल एवढा ओरडत होता, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडत होते, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.