साडूच्या गाड्यांचे टायर

लोक दुसऱ्याचं घर बघून जळतात, हुद्दा बघून जळतात, पोरांचे मार्क बघून जळतात. मी टायर बघून जळायचो. तेही परक्याचे नाहीत, सख्ख्या साडूचे.

आम्हा दोघांचा धंदा एकच. माझ्या आठ गाड्या सकाळी बनशंकरीतून निघतात, कंपनीच्या लोकांना बेळ्ळंदूरला सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. त्याच्या गाड्या देवनहळ्ळीत असतात, विमानतळाची ये-जा करतात. दोघंही मूळचे चिकोडीकडचे. थोरली बहीण माझ्या घरी, धाकटी त्याच्या घरी. आता एवढं सगळं सारखं असताना टायर तरी सारखे झिजावेत की नाही? पण नाही. माझे टायर मोसंबीसारखे सोलून निघायचे आणि त्याचे मात्र वर्ष उलटलं तरी नक्षीदार.

मला हे कळायचं कसं, तर रविवारच्या फोनवरून. दोघी बहिणी तास-तासभर बोलतात. लोणची, सासरची माणसं, गुडघे असं फिरत फिरत बोलणं शेवटी गाड्यांवर येतं. फोन ठेवला की बायको बातम्या द्यायची.

"त्यांनी यंदा एकही टायर बदललेला नाही म्हणे."

"हं."

"आपण कितीदा बदलले हो?"

"त्याचा रस्ता विमानतळाचा आहे," मी म्हणायचो. "लोण्यासारखा. आपला रस्ता बघ. खड्डा, हंप, खड्डा, मेट्रोचं काम, परत खड्डा. एक दिवस इकडे गाडी चालवून दाखव म्हणावं."

हे उत्तर मला फार आवडायचं. ते बरीच वर्षं पुरलं. मग साडूने दोड्डबळ्ळापूरच्या पलीकडच्या एका कारखान्याचं काम घेतलं. तो रस्ता मी बघितलेला होता. रस्ता कसला, नुसती आठवण उरलेली. मला आतून बरं वाटलं, ते इथे लपवण्यात अर्थ नाही. आता कळेल, म्हटलं. सहा-सात महिन्यांनी बायकोने फोन ठेवला आणि म्हणाली, "कारखान्याच्या गाड्यांचे टायरसुद्धा अजून तसेच आहेत म्हणे." त्या दिवशी मी जेवताना भात मागितला नाही.

मी काही हयगय करणारा माणूस नव्हे. दर महिन्याला प्रत्येक गाडीचं अलाइनमेंट करून घ्यायचो. कॉम्प्युटरवर चारी चाकांपुढे हिरव्या खुणा आल्या की मला पोरगं पहिलं आल्यासारखं वाटायचं. साडू चाकात नायट्रोजन भरतो असं कळल्यावर मीही भरला. तो ज्या कंपनीचे टायर घेतो तेच घेतले. तरी माझ्या गाड्या टायर खायच्याच, आणि त्याही आतून. बाहेरच्या बाजूने बघितलं तर टायर बोहल्यावर चढायला तयार. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघितली तर गोटा झालेला, कधीकधी तारही बाहेर.

तशी तार एकदा बेळ्ळंदूरच्या बाईंनी पाहिली. त्या कंपनीच्या वाहतूक विभागाच्या प्रमुख. बाई कडक. गाडीत सीटखाली काय आहे इथपासून बघणार. त्यांनी माझ्या दोन गाड्या त्याच दिवशी बंद केल्या आणि शांतपणे कानडीत सांगितलं, "संक्रांतीनंतर सगळ्या गाड्या परत तपासणार. एक जरी अशी निघाली, तर काम दुसऱ्याला. दुसऱ्यांकडून रेट मागवलेले आहेत." माझं सगळं दुकान त्या कंपनीवर चालतं. मी घाबरून विचारलं, दुसरे म्हणजे कोण? "बरेच आहेत," त्या म्हणाल्या. "देवनहळ्ळीचे एक आहेत."

देवनहळ्ळीचे एक कोण ते मला सांगायची गरज नव्हती.

थोड्याच दिवसांत आयुधपूजा आली. आमच्याकडे गाड्यांची पूजा सकाळी उरकतो आणि दुपारी साडूकडे जेवायला जातो, अशी पद्धत. त्याच्या आवारात गाड्या धुऊन ओळीने उभ्या, बॉनेटवर झेंडू, केळीचे खुंट बांधलेले, चाकांखाली लिंबं. मी प्रत्येक गाडीला वाकून नमस्कार करत चाललो. वाकलो की हात अलगद टायरच्या आतल्या बाजूला घालायचो. पूर्ण रुंदीला नक्षी. इकडून तिकडे हात फिरवा, तिकडून इकडे फिरवा, कुठे खडबड नाही, कुठे लाट नाही. तिसऱ्या गाडीपाशी साडू कोहळा हातात घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"अण्णा, देवाला बी एवढा वेळ वाकत नाही की हो तुम्ही."

"कंबर धरली रे," मी म्हणालो.

कंबर धरलेला माणूस मग मोकळं व्हायला म्हणून शेडच्या मागे गेला. तिथे मला खजिना सापडला. एक गाडी जॅकवर चढवलेली, पुढचं चाक काढलेलं, आणि खाली एका टबात जुनी चिरलेली रबरं पडलेली. ही रबरं म्हणजे बुश. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे ती बसवतात. शेजारी नवी रबरं बसवलेला हात तयार ठेवलेला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी रबरं सैल झाली की चाक रस्त्यावर हवं तसं डुलणार. मग अलाइनमेंट करून काय उपयोग? मशीनवर गाडी उभी असते तेवढ्यापुरत्या हिरव्या खुणा. बाहेर पहिला ब्रेक मारला की चाक वाकडं. मी वर्षानुवर्षं डुलणारं चाक सरळ करून घेत होतो.

तो पलीकडेच होता, कोहळा फोडत. चार शब्द विचारले असते तर सगळं सांगितलं असतं. पण मी म्हटलं, ज्याच्या हाती काम जाणार त्यालाच विचारायचं? आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडावर "मला येत नाही" हे म्हणणं माझ्याच्याने झालं नसतं. मी गुपचूप पुढे आलो आणि होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, जास्त खाल्ल्या.

परत येताना गाडीत मी गुणगुणत होतो. बायको म्हणाली, "काय चोरून आणलंत?"

"काही नाही गं."

"मग एवढे खूश कसे? दर वर्षी तर तिथून येताना तोंड एवढंसं असतं."

दसरा झाला आणि मी आठही गाड्यांचं काम काढलं. बुश बदलले, ज्यांचे बॉल जॉइंट हलत होते तेही बदलले. दाबल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत असली तर त्या गाडीला नवे शॉकअप. मेकॅनिकला घाई मीच केली. तो गाडी खाली घेऊ का विचारत होता, तर मी म्हटलं, "वर आहे तोवर सगळे बोल्ट आवळून टाक. दहादा खालीवर कशाला?" वरून अलाइनमेंट. नवे टायर. रविवारच्या फोनच्या वेळी मी मुद्दाम मागे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "सांग तिला, आपल्या गाड्या आता पाण्यासारख्या चालतात."

डिसेंबर सरता सरता एका ड्रायव्हरने सांगितलं, गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग वळवलं, खाली वाकलो. आतली कड परत चाटून पुसून साफ व्हायला लागलेली. दुसरी गाडी बघितली, तेच. खाली बॅटरी मारली तर नवी कोरी रबरं फाटलेली. संक्रांत तोंडावर.

घरी आल्यावर बायकोने माझं तोंड बघितलं आणि विचारलं नाही, सांगितलंच. "जा आणि विचारा त्यांना."

"मेलो तरी नाही."

"मेल्यावर विचारून काय करणार? काम गेलं तर त्यांच्याकडेच जाणार आहे ना? मग उद्या तुम्ही त्यांच्याकडेच ड्रायव्हर लागा. टायर तरी रोज बघायला मिळतील."

दुसऱ्या दिवशी मी देवनहळ्ळीला गेलो. निमित्त चकोत्र्यांचं, म्हणजे पपनसांचं. तिथली चकोतरं चांगली असतात, बनशंकरीत तशी मिळत नाहीत, वगैरे मी दारातच सांगायला लागलो. साडूने चकोतरं काढली, चहा सांगितला. मग माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"अण्णा, आतून खाते की ही."

"स्वल्प," मी म्हणालो.

"स्वल्प कसलं? बुश कधी बदलला?"

"दसऱ्यानंतर."

"बदलला आणि फाटला बी?" तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला. "आवळताना गाडी वर टांगलेली होती काय?"

मी चकोतरं मोजायला लागलो. तो बाहेर आला, अंगावरची धूळ झटकली.

"वर टांगल्यावर चाक खाली लोंबतंय. तिथंच बोल्ट आवळला की रबर त्या लोंबत्या जागी धरून बसतंय. मग गाडी खाली आली की पीळ बसला त्याला. उभी असली तरी पीळ. वरून तुमचे ते खड्डे. फाटणार नाही तर काय करणार? पहिलं सैलच बसवायचं, गाडी चाकांवर उभी करायची, दाबून दाबून बसवायची, आणि मग आवळायचं. अलाइनमेंट शेवटी. आमच्या पण दोन गाड्यांची रबरं गेली होती अशीच, तेव्हा कळलं." मग माझ्याकडे बघून हसला. "आयुधपूजेला शेडच्या मागं गेला होता तेव्हाच विचारायचं की."

म्हणजे याने पाहिलं होतं.

"तुला बेळ्ळंदूरवाल्यांनी बोलावलंय ना?" मी विचारलं.

"हो. रेट पण दिलाय."

"मग मला हे कशाला सांगतोस?"

"आता तुम्ही एवढ्या लांब आला म्हणून." चकोतरं डिकीत ठेवत म्हणाला, "मिळालं तर मला पाहिजेच आहे. दोन गाड्या घ्यायच्या म्हणतोय त्या जोरावर. पण टायर आतून असा खाल्लेला बघवत नाही हो."

परतीच्या वाटेवर मला त्याचा जास्तच राग आला. टायर चांगले, रस्ता चांगला, एवढं पुरे नव्हतं का? वर माणूसही चांगला असायची काय गरज होती?

आठही गाड्यांची रबरं मी परत बदलली. या वेळी प्रत्येक गाडी चाकांवर उभी करून, बंपरवर स्वतः बसून, उठून, परत बसून मग बोल्ट आवळायला लावले. शेजारचे गॅरेजवाले बघत होते. अलाइनमेंट केलं. जे टायर खाल्ले गेले होते ते बदलले.

संक्रांतीनंतर बाई आल्या. एकेका गाडीचं स्टिअरिंग वळवायला लावलं, वाकून आतली कड बघितली, एक गाडी स्वतः चालवून ब्रेक मारून पाहिला. शेवटच्या गाडीपाशी हात पुसत म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. काम तुमच्याकडेच राहू दे."

मी घरी फोन लावायला खिशात हात घातला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दुपारची नवी शिफ्ट आहे. अजून गाड्या लागतील. आहेत तुमच्याकडे?"

माझ्याकडे नव्हत्या. मी म्हणालो, नाहीत.

"मग त्या देवनहळ्ळीच्यांना विचारू का? तुमच्या ओळखीचे आहेत म्हणे."

"साडू आहे माझा."

"गाड्या कशा असतात त्यांच्या?"

मी गाड्यांकडे बघितलं, गेटकडे बघितलं, समोरच्या काचेच्या इमारतीत माझंच टक्कल दिसलं तेही बघितलं. बाई वाट बघत होत्या.

"बऱ्या असतात," मी म्हणालो.

त्यांनी भुवई वर केली. "बऱ्या म्हणजे?"

"म्हणजे..." मी खिशातून हात बाहेर काढला. "माझ्यापेक्षा चांगल्या."

त्यांनी नंबर लिहून घेतला. तो मीच सांगितला. बायकोला मी इतकंच कळवलं, की गाड्या पास झाल्या.