कोळशाची पिशवी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांइतका स्कॉटिश माणूस खुद्द स्कॉटलंडातही शोधून सापडायचा नाही. तिथली माणसं म्हणे हल्ली सर्रास पँट घालतात. हे मात्र जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत चौकड्यांचा किल्ट नेसून कचरा टाकायला जातात आणि कुठलं प्लास्टिक कुठल्या डब्यात, हे जर्मनांनाच शिकवतात. त्यांच्या बॅगपाइपवर बिल्डिंगने केव्हाच बंदी आणली. तेव्हापासून ते गावाबाहेर श्पार्गेलच्या, म्हणजे शतावरीच्या, शेतात उभे राहून वाजवतात. "भाजी तक्रार करत नाही," म्हणतात. माझ्या लेकीला ओट्सच्या लापशीत मिठाऐवजी साखर घालताना पाहिलं, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला होता. जर्मन बायकोपायी ते इथे आले. ती गेली, हे राहिले.

त्यांचा खरा सण म्हणजे एक जानेवारी. नव्या वर्षात त्यांचा उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा पुरुष काळ्या केसांचा लागतो आणि त्याच्या हातात कोळसा लागतो. त्याशिवाय वर्ष सुरू होत नाही. मी राहायला आलो तेव्हा त्यांना घबाडच सापडलं. दरवर्षी आदल्या दिवशी तेच कोळशाची पिशवी माझ्या दाराच्या हँडलला अडकवणार, सकाळी मी ती त्यांनाच नेऊन देणार आणि ते जन्मात कोळसा न पाहिल्यासारखे हरखणार. मग केक, व्हिस्की आणि दुपारपर्यंत उठू न देणं. "अरे, केस पांढरे होऊ देऊ नकोस," बायको मला बजावते, "आजोबांचं वर्ष बुडेल."

यंदा सासूबाई आजारी पडल्या आणि ऐन नाताळात पुण्याला पळावं लागलं. निघताना बेल वाजवली, पण आजोबा शेतात होते. परतलो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. हँडलला पिशवी तशीच लटकत होती.

बॅगा तिथेच टाकून मी ती घेऊन खाली गेलो. आजोबांनी दार उघडलं. आत टेबलावर न कापलेला केक, दोन ग्लास. भिंतीवरचं कॅलेंडर अजून डिसेंबरातच.

"कुणी आलंच नाही?" मी विचारलं.

"आले की, पुष्कळ आले. सगळे सोनेरी केसांचे. परत पाठवले."

त्यांची बेल वाजली की वर आम्हाला ऐकू येते. ती माझ्याशिवाय कुणी वाजवत नाही, हे मला ठाऊक आहे. उंबरा ओलांडून मी पिशवी त्यांच्या हातात दिली. ते हरखले नाहीत. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं.

"आल्झो, चला, बसा," ते म्हणाले, "आज एक तारीख."